धार बारीक झाली, तरी काका गप्पच

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. पॅसेजमधला लाइट लागला, काका उठलेत, आज रात्रीची ही तिसरी वेळ. कॅमेरा आपण दाराबाहेरच ठेवलाय, फक्त आवाज ऐका. आधी बराच वेळ काहीच नाही, मग थोडंसं, मग परत बंद, मग थेंब थेंब.

दोन वर्षं काकांनी हे अंगावर काढलं. "वय झालं, चालायचंच" म्हणत संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं, लांबचा प्रवास टाळायला लागले, कुठेही गेले की आधी टॉयलेट कुठंय ते बघून ठेवायचे, म्हणजे सगळा दिवस लघवीभोवती बेतला पण डॉक्टरकडे काही गेले नाहीत. लाज वाटायची. मुलालाही बोलले नव्हते.

हे डॉक्टरांच्या टेबलावरचं मॉडेल. वर पिशवी दिसतेय ते मूत्राशय, त्याच्या खाली ही प्रोस्टेट ग्रंथी, तरुणपणी अक्रोडाएवढी, आणि तिच्या बरोबर मधून गेलीय लघवीची नळी. चाळिशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढायला लागते, साठीच्या आसपास जवळजवळ निम्म्या पुरुषांची वाढलेली असते. डॉक्टर बोटाने दाबून दाखवतायत बघा, आतल्या बाजूला वाढली की नळी अशी आवळते. म्हणून ग्रंथी केवढी झाली यापेक्षा तिने नळी किती दाबली ते जास्त महत्त्वाचं, लहान ग्रंथीचाही खूप त्रास होऊ शकतो. आणि हा कॅन्सर नाही, ही वाढ पुढे जाऊन कॅन्सर होत नाही. पण दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात आणि गरजेप्रमाणे रक्ताची पीएसए टेस्ट सांगतात, प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजणारी, कॅन्सरची शंका आहे का ते बघायला.

आता हा कागद. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, एकूण 35. लघवी झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का, थांबून थांबून होते का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. सातपर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 पासून पुढे तीव्र. काकांची बेरीज 22 आली. शेवटी एक प्रश्न वेगळा असतो, उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल.

(काकांचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

पुढची टेस्ट बघा, कारण लोक हिलाच उगीच घाबरतात. सुई नाही, नळी नाही, भरपूर पाणी प्यायचं, घाई लागली की या फनेलमध्ये लघवी करायची, खोलीत तुम्ही एकटेच. खाली मशीन दर सेकंदाला किती मिली गेली ते मोजतं आणि कागदावर रेघ काढतं. धार चांगली असली की रेघ घंटेसारखी वर चढून खाली येते, 15 च्या वर जाते. काकांची ही रेघ, बसकी, लांबच लांब, सातच्या वर गेलीच नाही. लगेच सोनोग्राफी केली तर आत्ताच जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत 180 मिली लघवी शिल्लक.

आणखी थांबले असते तर लघवी एकदम तुंबून कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायची वेळ येऊ शकली असती, पिशवीत खडे, इन्फेक्शन, किडनीवर ताण, काहीही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अशी अचानक तुंबू शकते, त्यामुळे त्या मनाने घेऊ नका.

काकांना गोळ्या सुरू झाल्या. एक टॅमसुलोसिन, नळीभोवतीचे स्नायू सैल करणारी, काही दिवसांतच फरक जाणवतो, फक्त उठताना सावकाश, चक्कर येऊ शकते. दुसरी ड्युटास्टेराइड, ग्रंथी लहान करणारी, तिला सहा महिने द्यावे लागतात आणि तिच्यामुळे पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणून पुढच्या टेस्टच्या वेळी ही गोळी चालू असल्याचं सांगायचंच. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीने ऑपरेशन असतं, पोटावर कापाकापी नाही, ते आपण शूट केलं नाही कारण काकांना अजून लागलेलं नाही.

सहा आठवड्यांनी परत तीच खोली, तेच मशीन. नवा कागद जुन्याशेजारी ठेवलाय, रेघ 13 पर्यंत चढली.

निघताना काकांनी सात प्रश्नांचा एक कोरा कागद मागून घेतला. धाकट्या भावासाठी. तोही रात्री उठतो.