गवताचा पीळ, लाकडाची खुंटी

आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो, गॉलवे आणि डोनेगल या भागांत एकोणिसाव्या शतकात अनेक कुटुंबांची मिळकत म्हणजे जमिनीचे काही विखुरलेले तुकडे आणि एक-दोन गाई एवढीच असे. ओट आणि बटाट्याची शेते पुष्कळदा बिनकुंपणाची असत. त्यामुळे मोकाट गाईला आवरणे हा पोटाचाच प्रश्न होता, आणि त्यासाठी लागणारी साधने शेतकरी घरीच, हाताशी असेल त्यातून घडवत.

या चित्रफितीत वळला जातो आहे तो ‘सूगान’, म्हणजे गवताचा दोर. एक जण ढिगाजवळ बसून चिमटीचिमटीने गवत सोडतो. दुसरा वाकड्या काठीच्या आकड्यात त्याचे टोक अडकवतो आणि काठी फिरवत एकेक पाऊल मागे सरकतो. चिमूट जिथे कमी पडेल तिथे दोर बारीक होतो आणि पुढे तिथेच तुटतो. म्हणून खरे कसब काठी फिरवणाऱ्यापेक्षा गवत सोडणाऱ्याचे आहे. त्याची बोटे नीट पाहावीत.

धार काढताना गाईच्या मागच्या पायांना घालायचा पायबंद, ‘बूअरख’, मात्र अनेकदा घोड्याच्या किंवा गाईच्या केसांचा वळलेला असे, कारण तिथल्या सततच्या पावसात गवत कुजते, केस टिकतात. त्याच्या एका टोकाला फास असतो, दुसऱ्या टोकाला छोटी लाकडी खुंटी. पायांभोवती वेढा देऊन खुंटी फाशात सरकवली की काम झाले. गाठ मारण्याची गरजच नाही. एवढ्याशा वस्तूत किती विचार आहे!

कुंपण ओलांडायची खोड लागलेल्या गाईच्या डोळ्यांवर फळी बांधत. तिला पायाखालचे गवत दिसे, समोरची भिंत दिसत नसे. आपल्याकडे अशा गुराच्या गळ्यात लोढणे अडकवतात.

या बंधनांनी जनावरांना जखमाही होत. १९४६ पासून आयर्लंडच्या ग्रामीण भागात वीज पोहोचू लागली. पुढे विजेची कुंपणे आणि दूध काढण्याची यंत्रे आली, आणि ही साधने मागे पडली.

मेयोतील कॅसलबारजवळ, टर्लॉक पार्क येथे २००१ साली उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात ग्रामीण जीवनातील वस्तू जपल्या आहेत. मात्र दोराला पीळ किती द्यायचा, हे वळणाऱ्याच्या शेजारी बसूनच कळते. त्यासाठीच दोर वळणे आम्ही सुरुवातीपासून शेवटच्या पिळापर्यंत, चित्रण मध्ये न तोडता दाखवत आहोत.