अकरा पैशांचं औषध

नमस्कार मंडळी. सरकारचा एक रुपया कुठे टाकला की जास्त जीव वाचतात, ह्या हिशोबावर आज बोलायचंय आणि त्यासाठी मी तुम्हाला थेट बनगावला नेतो.

1971 साल. पूर्व पाकिस्तानातून लाखो माणसं जीव मुठीत धरून पश्चिम बंगालमध्ये येत होती आणि सीमेवरच्या बनगावात कॉलरा पसरला. कलकत्त्याहून डॉक्टर दिलीप महालनबीस तिथे पोचले तर हॉस्पिटलच्या खोल्या भरलेल्या, जमिनीवर पेशंट, सलाइन लावायचं तर त्या उलट्या-जुलाबातच गुडघे टेकून बसायचं. त्यात सलाइन संपत आलं आणि सुया लावणारे हातही पुरेनात. मग त्यांनी ठरवलं, तोंडानेच पाजायचं. लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, बस. कलकत्त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून इस्त्रीने चिकटवल्या, बनगावात ड्रममध्ये ते कालवलं आणि पेशंटच्या आईला, भावाला सांगितलं, तुम्हीच पाजत राहा. शंभरातले तीसेक दगावत होते तिथे त्यांच्याकडे चारपेक्षाही कमी दगावले. आणि सामानाचा खर्च लिटरमागे 11 पैसे. परत सांगतो, 11 पैसे! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ही कृती बांगलादेशच्या गुप्त रेडिओवरूनही सांगितली गेली, म्हणजे आत्ता आपण बोलतोय तसंच कुणीतरी बोललं आणि माणसं वाचली.

हे चालतं कसं, तर साखर सोबत असली की आतडं मीठ आत ओढतं आणि मिठामागे पाणी. एवढंच.

तरी आपल्याकडे जरा अशक्तपणा आला की "डॉक्टर, एक सलाइन लावा", आणि लावल्याशिवाय कुणाला बरं वाटत नाही. मला हे अजिबात पटत नाही, पेशंटला पिता येत असेल तर बाटलीचे पैसे कशाला घालवायचे? आणि जुलाब पसरतात ते घाण पाण्याने, म्हणून पाण्याची पाइपलाइन गटारातून जाते ती आधी बदला, नवीन इमारतीचं उद्घाटन नंतर करा, हे मी प्रत्येक नगरसेवकाला सांगतो.

पण नुसतं औषध स्वस्त असून भागत नाही, ते घरात पोचलं पाहिजे. 1980 नंतर बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या, चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा सेर पाणी कसं कालवायचं ते शिकवत, दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. त्यांचा पगार कशावर? किती घरं फिरलात ह्यावर नाही, नंतर तपासणीला गेल्यावर त्या आईला किती आठवतंय ह्यावर! सरकारी योजनेचे पैसे असे मोजायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

आता जुलाब झाले की घरी करायचं पाणी लिहून घ्या. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सहा साखर, अर्धा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त नको, लहान मुलाला ते धोक्याचं. ओआरएसची, म्हणजे ह्याच मीठ-साखरेच्या मिश्रणाची तयार पुडी आशाताईंकडे फुकट मिळते, ती मिळाली तर उत्तमच, आणि लहान मुलासाठी झिंकच्या गोळ्या मागून घ्या, जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस द्यायच्या. बाळ पीतच नसेल, सुस्त पडलं असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.