कोंब की फुगलेली शीर?

(दृश्य: सांगली-मिरज रस्ता, भिंतींवरच्या जाहिराती)

'मूळव्याध, भगंदर, फिशर. बिनटाक्याचा इलाज.' मिरजेच्या वाटेवर अशा भिंती संपता संपत नाहीत. शौचातून रक्त पडलं की माणूस पहिला फोन इथंच लावतो. बहुतेकदा चुकतही नाही. पण ज्याचं लिव्हर आधीच आकसलंय, त्यानं जरा थांबावं.

(दृश्य: सोनोग्राफीची खोली, दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही')

जत तालुक्यातले हे मामा. पोटात पाणी झालेलं, हातात 'पाइल्स, बँडिंग' लिहिलेला कागद. बँडिंग म्हणजे कोंबाला रबराचं कडं घालणं.

आधी पोटावरून तपासणी. लिव्हरची कड खडबडीत, प्लीहा वाढलेली, पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांचं रक्त लिव्हरकडे नेणारी मोठी शीर, फुगून १३ मिलिमीटरच्या वर. लिव्हर घट्ट झालं की आतड्यांकडून येणारं रक्त अडतं. कृष्णा फुगली की नाल्यांतलं पाणी उलटं सांगलीत शिरतं, तसं ते आडवाटेला लागतं. त्यातली अन्ननलिकेची वाट सगळ्यांना ठाऊक असते. गुदाशयाच्या भिंतीतली कुणी फारशी बघत नाही.

(दृश्य: प्रोब, जेल, मग स्क्रीन जवळून)

"मामा, डाव्या कुशीवर व्हा. गुडघे पोटाशी घ्या."

गर्भपिशवी आतून बघायला वापरतात तोच हा प्रोब, सोनोग्राफीची कांडी. इथं ती गुदद्वारातून आत जाते. त्यावर निरोध, वर जेल. डॉक्टर मॅडमचा हात हलका आहे, कारण जोर दिला तर शिरा चेपतात आणि दिसतच नाहीत. भिंतीत काळे गोल ठिपके दिसतायत. प्रोब किंचित वळवला की तेच ठिपके लांबून नळ्या होतात.

कलर डॉपलर लावला, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय. काहीच नाही.

मॅडम स्केल, म्हणजे वेगाचं माप, खाली आणतात. या शिरांतलं रक्त संथ. धमनीच्या वेगाला लावलेल्या सेटिंगमध्ये ते उमटत नाही. आणखी खाली. आता नळ्या भरल्या, लाल, निळ्या. हे रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचे नव्हेत बरं का. रक्त प्रोबकडे येतंय की लांब जातंय, एवढंच ते सांगतात. खालच्या आलेखात नाडीसारखे ठोके नाहीत. सलग पट्टा. म्हणजे शीरच.

मूळव्याधीचा कोंब गुदद्वारापाशी असतो. या नळ्या चार सेंटिमीटर ओलांडून वर गेल्यात. रक्त नेमकं कुठून येतंय ते दुर्बीण दाखवते, ती लागतेच. पण हवा भरली की भिंत ताणली जाते आणि खोलवरच्या शिरा नजरेतून सुटू शकतात. इथं त्या समोर आहेत, आणि त्यासाठी नवं मशीन आणावं लागलेलं नाही. चिठ्ठीवर 'डॉपलर' लिहिणारं कुणीतरी लागतं.

(दृश्य: रिपोर्ट टाइप होताना)

अशा शिरा रोज फुटत नाहीत, पण कोंब समजून हात लावला तर रक्त आवरणं कठीण होतं, जीवावरही बेततं. मामांचं बँडिंग रद्द झालं. कागद आता पोटविकार तज्ज्ञांकडे: पोर्टलचा दाब उतरवायच्या गोळ्या, आणि गरज पडली तर दुर्बिणीतून शिरेत ती बुजवणारा ग्लू.