माळ रिकामा नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं निघालं की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. आसपास माळ आहे. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं गवत, मध्येच एखादी बोर नाहीतर बाभूळ. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी हा माळ पाहायचो तेव्हा शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय उजाड मुलूख आहे!" मलाही ते खरं वाटायचं. तिथं पायी फिरायला लागलो तेव्हा कळलं, आपण नीट पाहिलंच नव्हतं.

पाहायचं असेल तर भल्या सकाळी जा आणि एका जागी बसून राहा. थोड्या वेळानं समोरचाच एक दगड तुरुतुरु पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो. तो धाविक पक्षी. त्याची अंडीही खड्यांसारखीच, उघड्या जमिनीवर घातलेली. चिमणीएवढा एक पक्षी वर चढतो, दगडासारखा खाली झेपावतो आणि जमिनीला टेकणार तोच पुन्हा उसळी घेतो. हा डोंबारी चंडोल. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार! पखुर्डीचं तर विशेषच. पिल्लं तहानलेली असली की नर पाणवठ्यावर पोट बुडवून पिसं भिजवतो, तसाच उडत घरट्याकडे येतो आणि पिल्लं ती पिसं चोखतात. उन्हाळ्यातल्या या माळावर पाणी असं पोटाला बांधून आणावं लागतं.

माळढोकासाठी इथं 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. मीटरभर उंचीचा हा पक्षी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. समोरचं त्याला फारसं दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. आज देशात दीडशेच्या आतच माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो आता क्वचितच कुणाच्या नजरेस पडतो. हे सांगताना जड जातं.

एक गोष्ट मात्र मला आज कळकळीनं सांगायची आहे. पावसाळा आला की शाळा, मंडळं उत्साहानं माळावर झाडं लावायला निघतात. हेतू चांगला असतो, पण कृपा करून गवताळ माळावर झाडं लावू नका. लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांची दाट सावली पडली की खालचं गवत मरतं. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला चारी बाजूंचं लांबवर दिसावं लागतं, तेही त्याला दिसेनासं होतं. आणि अंडी चोरणाऱ्या कावळ्याला बसायला उंच जागा मिळते. झाडं गावात लावा, बांधावर लावा, रस्त्याकडेला लावा. कागदावर 'पडीक' लिहिलेल्या याच जमिनीवर धनगरांची मेंढरं चरतात, काळवीट राहतात, त्यांच्या मागावर लांडगा फिरतो. मेंढरू गेलं की धनगराचं नुकसान होतं, म्हणून त्याला भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. पण लांडग्याला जायला दुसरी जागा नाही.

सध्या हिवाळा आहे, भोवत्ये आले आहेत. मध्य आशियातून हे ससाण्यासारखे पक्षी इथवर येतात आणि दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे टिपतात. सूर्य मावळता मावळता माळाच्या कडेला उभे राहा, गाडीचे दिवे बंद ठेवा. एक येतो, मग दुसरा, मग पाच-सहा. घिरट्या घालत घालत एकेक जण गवतात उतरतो आणि दिसेनासा होतो. झाडावर नाही, जमिनीवर, गवतातच ते रात्र काढतात.