ग्रेदोसचे परादोर: एका सरकारी हॉटेलातला मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी विश्रामगृह म्हटले की आपल्याला आधी आठवतो तो खानसामा, आणि त्याच्याही आधी आठवते ते कुठल्यातरी कचेरीतून मिळवावे लागणारे आरक्षणाचे पत्र. स्पेनमध्ये सरकारी मालकीच्या हॉटेलांची एक मोठी साखळी आहे. या हॉटेलांना परादोर म्हणतात. आज त्यांची संख्या नव्वदच्या वर असून तेथे कोणीही पर्यटक पैसे भरून राहू शकतो. त्यांतली कित्येक जुन्या किल्ल्यांत, मठांत आणि राजवाड्यांत थाटलेली आहेत. मात्र या साखळीतले सर्वांत पहिले हॉटेल मुद्दाम नव्याने बांधलेले आहे आणि तेही डोंगरात, जवळपास मोठे शहर नाही अशा ठिकाणी. माद्रिदपासून सुमारे 170 किलोमीटरवर, आविला प्रांतातल्या नावार्रेदोंदा या गावाजवळ, सिएर्रा दे ग्रेदोस पर्वतरांगेत सुमारे 1650 मीटर उंचीवर पाइनच्या जंगलात ते उभे आहे. तेथील मुक्कामाविषयी आज बोलायचे आहे.

हे हॉटेल तेथे का बांधले गेले, हे समजल्यावाचून त्याची खरी गंमत कळत नाही. 1911 साली स्पेनच्या राजाने पर्यटनासाठी एक शाही आयुक्तालय स्थापन केले आणि त्याची सूत्रे मार्केस दे ला वेगा-इंक्लान या कलाप्रेमी सरदाराकडे सोपवली. मोटारींचा जमाना सुरू झाला होता, रस्ते सुधारत होते, पण शहर सोडून आडवाटेला वळलेल्या प्रवाशाला रात्री पाठ टेकायला धड जागा मिळत नसे. जेथे खासगी भांडवल जायला धजत नाही, तेथे सरकारने स्वतः निवास बांधावा, असा विचार या सरदाराने मांडला. राजा तेरावा अल्फोन्सो याला ग्रेदोसमधल्या शिकारीचा विलक्षण नाद होता आणि जागा त्याने स्वतःच निवडली, असे सांगितले जाते. 9 ऑक्टोबर 1928 रोजी परादोरचे उद्घाटन झाले. एका राजाच्या छंदातून राष्ट्रीय धोरण आकाराला यावे, हे लोकशाहीत वाढलेल्या माणसाला थोडे खटकते. परंतु निवड अचूक होती, हे तेथे पोहोचल्यावर मान्य करावेच लागते.

इमारत ग्रॅनाइटच्या घडीव दगडाची आहे. भिंती जाड, दिवाणखान्यांत गडद लाकूडकाम, शेकोट्या आणि भिंतींवर शिकारीच्या काळाची आठवण देणारी शिंगे, असा सगळा सरंजाम आहे. पुढच्या काळात इमारत वाढवली गेली, खोल्यांत आधुनिक सोयी आल्या, तरी झगमगाट करण्याचा मोह टाळलेला आहे. 1978 साली, फ्रँकोच्या हुकूमशाहीनंतर स्पेनची नवी राज्यघटना तयार होत असताना, मसुदा समितीचे सदस्य राजधानीतल्या गजबजाटापासून दूर येऊन याच इमारतीत चर्चेला बसले होते. त्याच वर्षी 6 डिसेंबरला जनतेने सार्वमताने ती घटना स्वीकारली. एका राजाच्या शिकारखान्यात घटनेची कलमे घासूनपुसून घेतली गेली, ही गोष्ट मला त्या इमारतीतल्या कुठल्याही शोभेच्या वस्तूपेक्षा मोलाची वाटते.

जेवणाविषयी दोन शब्द जास्त बोललो तर श्रोत्यांनी क्षमा करावी. दुपारचे जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचे साडेआठ-नऊनंतर, हा स्पेनचा शिरस्ता येथेही पाळला जातो. सातला भूक लागणाऱ्यांनी आपली तजवीज आधीच करावी. या भागातला खास पदार्थ म्हणजे पातातास रेव्होल्कोनास. डुकराच्या चरबीयुक्त मांसाचे तुकडे कुरकुरीत तळतात, त्याच चरबीत लसूण आणि लाल मिरचीची पूड परततात आणि त्यात उकडलेले बटाटे घोटतात. वर ते कुरकुरीत तुकडे पेरलेला हा लालसर गोळा गरमागरम वाढला जातो. ही मिरची ग्रेदोसच्या दक्षिण उतारालगतच्या ला वेरा खोऱ्यातली, ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेली असते. ती तिखट कमी आणि धुरकट जास्त लागते, त्यामुळे आपल्या जिभेला प्रथम काहीतरी चुकल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या घासाला चटक लागते. बार्को दे आविलाचा पांढरा घेवडा आणि आविलाच्या काळ्या गाईंच्या मांसाचा जाड काप हेही येथले नामांकित पदार्थ. शाकाहारी मंडळींनी मात्र नुसते ‘मांस नको’ म्हणून स्वस्थ बसू नये. स्पेनच्या ग्रामीण भागात हॅमला मांसात न धरणारे आचारी पुष्कळ असल्यामुळे, हॅम नको, सॉसेज नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे.

सकाळी ओयोस देल एस्पिनो गावावरून प्लाताफोर्मा या ठिकाणापर्यंत गाडीने जावे. तेथे डांबरी रस्ता संपतो आणि दगड बसवलेली पायवाट सुरू होते. साधारण दोन-अडीच तासांच्या चालीनंतर लागुना ग्रांदे हे हिमनदीने कोरलेले सरोवर दिसते आणि त्याच्या मागे 2592 मीटर उंचीचा आल्मान्थोर सुळका. वाटेत रानबकऱ्यांचे कळप हमखास भेटतात. मागे वळलेल्या लांब शिंगांचा नर चार पावलांवर उभा राहून आपल्याकडे पाहतो आणि मग सावकाश चरू लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी या बकऱ्या मोजक्याच उरल्या होत्या. 1905 साली येथे राजाचे राखीव शिकारक्षेत्र जाहीर झाले, इतरांच्या बंदुकांना आळा बसला आणि जात वाचली. आज त्यांची संख्या हजारोंत आहे, इतकी की आता गवत पुरत नसल्याची तक्रार ऐकू येते.

जायचे कधी, असे विचाराल तर मी मेअखेर ते जूनमध्य हा काळ सांगेन. त्या वेळी पिओर्नो नावाची झुडपे फुलून डोंगरउतार पिवळेधमक झालेले असतात आणि उंचावरचा बर्फही बहुतेक वितळलेला असतो. हिवाळ्यात सरोवराची वाट बर्फाखाली जाते. योग्य साधने आणि सराव नसेल, तर त्या दिवसांत परादोरच्या शेकोटीपाशीच थांबावे. रेल्वे फक्त आविला शहरापर्यंत जाते आणि पुढच्या सुमारे साठ किलोमीटरच्या रस्त्यावर बसगाड्या तुरळक आहेत, म्हणून माद्रिद किंवा आविला येथूनच मोटार भाड्याने घेणे सोयीचे पडते. नमस्कार.