पैजेवर श्रीमंत झालेलं गाव

नमस्कार श्रोतेहो.

महाबळेश्वरला आपण जातो ते उकाड्याला कंटाळून. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झलाही पूर्वी पाहुणे उन्हाळ्यातच यायचे. अठराशे मीटर उंचावरचं गाव, तिथे लोहयुक्त पाण्याचा झरा. ते पाणी प्यायचं, हवा खायची आणि थंडी पडायच्या आत घर गाठायचं.

१८६४ ची गोष्ट सांगतात. योहानेस बाद्रुत नावाच्या हॉटेलवाल्याने चार इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली. "हिवाळ्यात या. ऊन आवडलं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. आवडलं तर हवं तितके दिवस माझ्याकडे राहा." ते आले आणि परतले थेट ईस्टरला, उन्हाने रापून!

मला यात पैजेपेक्षा ते पाहुणे महत्त्वाचे वाटतात. महिनोन् महिने घरी गेलं नाही तरी ज्यांचं काही अडत नव्हतं, अशी ही माणसं. पैसा होताच, पण त्याहून जास्त होती फुरसत. आणि फुरसत असली की माणूस उद्योग शोधतो. मंडळी गावच्या रस्त्यांवरून बर्फगाड्या पळवू लागली, पादचाऱ्यांना धडका बसू लागल्या. शेवटी त्यांच्यासाठी वेगळ्या घसरवाटा बांधाव्या लागल्या. १८८५ च्या सुमाराची क्रेस्टा रन त्यातलीच. तिच्यावर पोटावर पालथं पडून, डोकं पुढे करून सुसाट खाली यायचं. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

गंमत म्हणजे रेल्वे आली १९०४ मध्ये. तोवर चाळीस हिवाळे लोक घोड्यांच्या गाड्यांतून बर्फाचे घाट ओलांडून येत होते. ही वाट म्हणजे चाळणीच होती. ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही, तोच वर पोचायचा. मग त्याला भेटायला त्याच्यासारखेच येणार. १९०७ पासून गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. १९२८ आणि १९४८ ची हिवाळी ऑलिंपिक तिथेच झाली. पुढे तर गावाने स्वतःचं नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतलं. सोनं-चांदी नाही, कारखाना नाही. विकायला काढलं ते ऊन, आणि शेवटी नाव.

आज गावची कायम वस्ती पाच हजारांच्या आसपास. या हॉटेलांत खपणारे कितीतरी हात मात्र सीमेपलीकडच्या इटलीतले. पहाटे कियावेन्नाकडून मलोया घाट चढून यायचं, खोल्या आवरायच्या, भांडी घासायची आणि संध्याकाळी तोच घाट उतरायचा.

नमस्कार.