गोठ्याला छप्पर कोणतं घालावं?

मंडळी, गोठ्याच्या छपरांवर व्याख्यान आहे आणि तरी मागे लोक उभे आहेत, म्हणजे पुण्यात श्रोत्यांना विषय लागत नाही हे पुन्हा सिद्ध झालं. (हशा)

छपरांचे प्रकार सांगायचं कबूल केलंय, सांगतोच. आधी मुळशीकडच्या एका गोठ्याबद्दल बोलू द्या. मालक आमचे स्नेही. निवृत्तीनंतर हौसेनं होल्स्टीन, म्हणजे थंड मुलखातल्या विलायती दुभत्या गाई घेतल्या आणि गोठा बांधला तो कॅलेंडरवरच्या अमेरिकेतला: लाल भिंती, छपराच्या दोन्ही पाखांना मध्येच मोड. याला गॅम्ब्रेल म्हणतात. खालचा उतार खडा, वरचा पसरट, त्यामुळे छपराखाली प्रशस्त माळा मिळतो. तिकडे हिवाळाभर बर्फ. वाळलेलं गवत वर साठवायचं आणि खाली गव्हाणीत ढकलायचं. आमच्या स्नेह्यांचा कडबा मात्र बाहेर गंजीत. मग माळ्यावर काय? गणपतीचं मखर आणि वहिनींनी टाकू न दिलेल्या गाद्या! (हशा) बरं, त्या माळ्याच्या फळ्या गाईंच्या डोक्यावर जेमतेम दोन हात. एप्रिलात दुपारी आत गेलो तर अमोनियानं डोळे चुरचुरले. गाई तोंड उघडून धापा टाकत होत्या. ठेकेदार म्हणाला, "पंखा लावा साहेब." लावला. तीच कोंदट हवा गोल फिरायला लागली.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात रात्रंदिवस उष्णता तयार होते. पारा पंचविशीच्या पुढे गेला की होल्स्टीनला जड जातं. गरम, दमट हवा वर चढते, तिला आढ्यापाशी वाट हवी. आपल्या जुन्या नळीच्या कौलांच्या फटींतून ती आपोआप निघून जायची. आपण कौलं उतरवून पत्रे ठोकले आणि फटी बुजवल्या, वर त्याला सुधारणा म्हणालो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भरभर सांगतो.

एकपाखी: स्वस्त, दोन-चार जनावरांना पुरे, उंच बाजू वाऱ्या-पावसाच्या तोंडाला देऊ नका. दुपाखी: आपल्याकडचं नेहमीचं, कोकणात उतार खडा ठेवा, वळचण लांब सोडा. गॉथिक कमान: वाकवलेल्या लाकडाची, मध्ये खांब नाहीत, दिसायला देखणी, आपल्या सुताराला अवघड. मॉनिटर: मधलं छप्पर उचललेलं, दोन्ही बाजूंनी हवा-उजेड, मोठ्या गोठ्याला माझं मत यालाच. खर्च झेपत नसेल तर साधं दुपाखी घाला आणि आढ्याला उघडी फट ठेवा, गोठ्याच्या दर दहा फूट रुंदीमागे दोन इंच.

"पाऊस आत येईल की," असं तिसऱ्या रांगेतले काका कधीचे पुटपुटतायत. येईल थोडा, काका. गाई शेपटीकडे शेपटी करून दोन रांगांत बांधा, म्हणजे तो मधल्या वाटेवर पडेल. ती वाट तशीही रोज धुवावीच लागते.